चोवीसमधलं शून्य

१

गोकुळदास गेले हे सकाळी सहाला कळलं. त्यांना कोणी मारलं हेही साडेसहापर्यंत 'सायंतारा'तल्या प्रत्येकाला ठाऊक झालेलं होतं.

पेडण्याहून तेरेखोलकडे जाणाऱ्या रस्त्याला, काजूच्या उतारावर हा वृद्धाश्रम. सतरा म्हातारी माणसं, दोन मोठ्या खोल्या, चार लहान. मधल्या हॉलमध्ये आदल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचे फुगे अजून लोंबत होते. टेबलावर सांडलेलं केकचं क्रीम आंबलं होतं आणि त्याचा वास फिनेलच्या वासात मिसळला होता. चंद्रावतीबाईंनी पदर नाकाला लावला. अडतीस वर्षं त्यांनी पेडण्याच्या मराठी प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. वास्कोला बंदरात नोकरी करणाऱ्या मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, म्हणून पाच महिन्यांपूर्वी त्याने आईला इथे आणून ठेवलं. "जागा एकदम मस्त आहे, आई," असं तो म्हणाला होता. तो इथल्या संडासात कधी गेला नव्हता.

गोकुळदासांच्या खोलीच्या दारात व्यवस्थापिका गौरवी उभी होती. वय पस्तिशीचं, इस्त्रीचा पांढरा कुडता, डोळे हवे तेवढेच लाल. हातात तक्त्याचा कागद. समोर पेडणे ठाण्याचा फौजदार जयराम वही उघडून उभा.

"हा त्यांचा इन्सुलिनचा तक्ता," गौरवी हलक्या आवाजात म्हणाली. "आमची नर्स समीक्षा साडेपाचला घरी जाते. संध्याकाळचं इंजेक्शन आनंदी देते. समीक्षा फोनवर आकडा सांगते, ती देते आणि लिहिते. डोस चोवीस युनिटांचा. पहिल्या तारखेला चोवीस, दोन तारखेला चोवीस. आणि काल बघा."

जयरामने बघितलं. चंद्रावतीबाईंनीही काठी टेकत मान पुढे केली. कागदावर देवनागरी आकडे होते, वेडेवाकडे, पोराने काढल्यासारखे. २४. २४. आणि खाली २०४.

"दोनशे चार!" जयराम म्हणाला.

"बिचारी दुसरी शिकलेली." गौरवीने उसासा टाकला. "वीस ऐकलं, वीस लिहिलं. मग चार ऐकलं, पुढे चार लिहिलं. आणि लिहिलं तेवढं टोचलं. अशा बायकांना कळतच नाही हो. चूक माझीच, मी विश्वास ठेवला."

डॉक्टर आधीच तपासून गेले होते. साखर एकदम खाली गेली, म्हाताऱ्याचं हृदय थांबलं, त्यांना दुसरं काही दिसलं नव्हतं. आनंदीला सामानाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. हॉलमध्ये म्हाताऱ्यांची कुजबुज चालली होती. जानकीबाई मोठ्याने म्हणाल्या, "मी आधीच म्हटलं होतं, त्या घाटल्या बाईच्या हाताला चव नाही." आनंदी घाटावरची नव्हती, नदीपलीकडची, सिंधुदुर्गातली. काल सकाळीच तिने जानकीबाईंची ओली चादर तीनदा बदलली होती.

चंद्रावतीबाईंना सगळ्यांचीच शिसारी आली. पण मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं. तो आकडा. चुकीचे आकडे त्यांनी आयुष्यभर बघितले होते. कुठल्या पोराने काय ऐकून काय लिहिलं, ते त्या नुसत्या पाटीवरून सांगत.

त्यांनी जयरामची बाही धरली. हा चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात बसला होता.

"जयराम, ही चूक आनंदीची नव्हे."

"बाई, कागदावर आहे ते आहे."

"कागदावर आहे म्हणूनच सांगतेय. मराठी बोलणारं माणूस असं चुकूच शकत नाही."

२

जयरामने पाच मिनिटं दिली. बाईंना नाही म्हणायची सवय त्याला लहानपणापासून नव्हती.

सामानाच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमध्ये आनंदी भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची, बारीक, हाताची नखं हळदीने पिवळी. बाईंना बघून ती उठली.

"बाई, मी सुयेत चोवीसच रेघो घेतलंय. देवाशपथ. माका लिवतना उलटासुलटा जाता, पण मोजूक माका येता."

"बस. रडू नको. तिथल्या वालाच्या पिशवीतले चोवीस दाणे मोजून दे मला."

आनंदीने मूठभर वाल जमिनीवर ओतले आणि बोटांनी सरासरा सरकवले. दहांची एक रास, दहांची दुसरी, आणि बाजूला चार सुटे. लहानपणापासून काजूच्या बिया अशाच मोजल्या होत्या तिने, बागायतदारांच्या अंगणात.

"हे दोन धा, नि हे चार."

"आता हेच लिही."

जयरामने वही आणि पेन पुढे केलं. आनंदीने पेन मुठीत धरलं, ओठ हलवले, "चो... वीस," आणि लिहिलं. आधी ४. मग त्याच्या उजवीकडे २.

४२.

"बत्तीस लिही."

तिने २३ लिहिलं.

बाईंनी वही जयरामला दाखवली. "बघ. आपल्या भाषेत शंभराच्या आत सुटा आकडा आधी बोलला जातो. चोवीसमध्ये चार आधी कानावर पडतो, वीस मागून. ज्याला जागेची किंमत लिहायला जमत नाही, तो जसं ऐकतो तसं मांडतो. ४२ लिहील. अगदीच कच्चा असला तर ४२० लिहील."

जयरामच्या मिशीखाली हसू हललं. पोलिसाला हा आकडा ओळखीचा होता.

"हसू नको. वीस आधी आणि चार मागून, असं कोणाच्या कानात पडतं? 'ट्वेंटी फोर' म्हणणाऱ्याच्या. २०४ ही इंग्रजीतून मोजणाऱ्याची चूक आहे. आणि वरच्या दोन ओळी बघ. पहिल्या तारखेला बरोबर २४, दुसऱ्या तारखेला बरोबर २४. हिच्या हातून सलग दोनदा २४ येणारच नाही."

"पण तिने आता मुद्दाम उलटं लिहिलं असेल तर?" जयरामने विचारलं. प्रश्न वावगा नव्हता.

"मग औषध बघू. सिरिंज केवढी असते गो, आनंदी?"

"चाळीस रेघांची."

"म्हणजे दोनशे चार घ्यायला तिला पाच वेळा पूर्ण भरून टोचायला हवं, आणि वर आणखी चार रेघा. झोपलेला म्हातारासुद्धा सहा टोचण्यांना ओरडेल. जयराम, तो कोपऱ्यातला फ्रिज उघड."

फ्रिजमध्ये गोकुळदासांच्या नावाची एकच बाटली होती. वर समीक्षाच्या अक्षरात तारीख: तीन. कालच उघडलेली. पूर्ण बाटलीत चारशे युनिटं मावतात हे झाकणाखालीच छापलेलं होतं. दोनशे चार गेली असती तर बाटली निम्म्याच्या खाली आली असती. जयरामने ती खिडकीशी धरली.

औषध जवळजवळ गळ्यापर्यंत होतं.

"म्हणजे चोवीसच दिलं," तो सावकाश म्हणाला. "मग बाई, रोजच्या डोसने माणूस मेला कसा?"

३

पहिला संशय पुतण्यावर जाणं साहजिकच होतं. तुषार आदल्या दुपारी काकांना भेटून गेला होता आणि आता बातमी ऐकून डिचोलीहून मोटार घेऊन आला होता. शाळा इंग्रजी माध्यमाची, हातात दोन फोन. प्रेताकडे त्याने एकदाच पाहिलं.

"मुळगावची जमीन त्यांच्या नावावर होती ना?" जयरामने विचारलं.

"होती. तोच प्रॉब्लेम." तुषार खुर्चीत रेलला. "खाणीची माती येऊन शेत कधीच गेलं होतं, पण जागा रस्त्याला लागून आहे. पार्टी तयार होती. पंधरा तारखेला काका सही करणार होते. आता वारसांचे कागद करण्यात दोन वर्षं जातील. माझ्यासारखा लॉस कोणाचाच नाही, साहेब. मला ते पंधरा तारखेपर्यंत जिवंत हवे होते."

"आणि सोळाला?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

तुषारने खांदे उडवले. बाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं. माणूस खुनी नव्हता. पण त्याने चहा मागितला तेव्हा त्याच्या शेजारी बसून तो प्यावा असं त्यांना वाटेना.

समीक्षा मात्र घाबरलेली होती. पंचविशीची पोर, डिचोलीहून रोज बसने येणारी. मदतनीस बाईकडून इंजेक्शन देववणं नियमात बसत नाही हे तिला ठाऊक होतं.

"मी दोनदा सांगितलं होतं मॅडमना, रात्रीची नर्स ठेवा म्हणून. त्या म्हणाल्या, जमत नसेल तर राजीनामा दे." तिने डोळे पुसले. "पण आनंदीताईंचा हात चांगला आहे, बाई. मी स्वतः शिकवलं. रेघा मोजून घेतात. फक्त लिहिताना उलटं लिहितात, ते मी सकाळी सुधारते."

"सुधारतेस? कुठे?"

समीक्षाने कपाटातून गेल्या महिन्याचा तक्ता काढला. तीस ओळी. तीसही ठिकाणी मुठीत धरलेल्या पेनाने लिहिलेलं ४२, आणि प्रत्येक ४२ च्या शेजारी समीक्षाच्या लाल अक्षरात २४.

जयरामने गौरवीने दिलेला कागद शेजारी ठेवला. त्यावर लाल शाई कुठेच नव्हती.

"परवा आणि काल सकाळी तू सुधारलं नव्हतंस?"

"सुधारलं होतं! दोन्ही दिवस. हा तो कागदच नव्हे."

मग बाईंनी विचारलं, "समीक्षा, चोवीस युनिटं घेऊन माणूस कधी मरेल?"

"इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायला हवं, बाई. जेवलाच नाही तर साखर उतरत जाते. घाम येतो, अंग गार पडतं, बरळायला लागतो. तेव्हा नुसती दोन चमचे साखर तोंडात घातली तरी माणूस वाचतो." ती थांबली. "काल किती वाजता जेवले ते?"

जयरामने वहीतून मान वर केली. या प्रश्नाचं उत्तर चंद्रावतीबाईंना आनंदीकडे किंवा गौरवीकडे मागायची गरज नव्हती. काल संध्याकाळी त्या तिथेच बसल्या होत्या.

४

इन्सुलिन सातला दिलं होतं. रोज साडेसातला ताटं लागत. काल लागली नाहीत. परदेशातून एक देणगीदार जोडपं मोपाच्या विमानतळावर उतरणार होतं. त्यांच्या मुलाचा वाढदिवस इथे 'आजी-आजोबांबरोबर' साजरा व्हायचा होता. गौरवीने सगळ्यांना नवी सुती उपरणी नि शाली घालून अर्धवर्तुळात बसवलं. ताटं पाहुण्यांच्या हातून वाढायची आणि त्याचे फोटो काढायचे, असं ठरलं होतं. विमान उशिरा आलं.

गोकुळदास बाईंच्या शेजारच्याच खुर्चीत होते. मुळगावचा शेतकरी माणूस, शेत गेलं तरी बोटांवर माती चोळल्यासारखा अंगठा फिरवत बसायचा. आठच्या सुमाराला त्यांनी हाक मारायला सुरुवात केली. "मात्सा भात तरी वाढा गो. अंगात त्राण नाय." पुन्हा. पुन्हा. त्यांचा सदरा घामाने भिजला होता आणि त्या घामाचा आंबट वास बाईंना येत होता.

स्वयंपाकघरातून आनंदी ताट घेऊन आली होती. तेवढं बाईंनी पाहिलं होतं. पुढचं आनंदीने आता सांगितलं.

"बाईसायबान माझ्या हातातला ताट काढून घेतल्यान. म्हणाली, एकान खाल्ल्यान की सगळी मागतली, मग फोटो कसले काढूचे? मी म्हटलंय, तेंका सुई दिलली हा. तर म्हणाली, तू नर्स हस काय?"

"आणि मग?"

"ते बरळाक लागले तेव्हा म्हणाली, पाव्हण्यांसमोर बरा दिसत नाय, खोलयेत नेऊन निजव. मी निजवलंय. साखर आणूक गेलंय, तर परत येयसर तिणा दाराक कडी घातलली. माका स्वयंपाकघरात भांड्यांका लायल्यान."

पाहुणे दहाला आले. केक कापला. साडेदहाला ताटं वाढली. सोळा ताटं.

"बाई, तुम्ही शेजारीच होता," जयराम म्हणाला. आवाजात आरोप नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही काही..."

"नंतर सांगते," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "आधी तो खरा कागद शोधू."

"तो तिने केव्हाच फाडून टाकला असणार."

"फाडेल. टाकेल कुठे? पहाटेपासून ती आवाराबाहेर गेलेली नाही, दारावर तुझा शिपाई आहे. स्वयंपाकाच्या गॅसवर जाळायला गेली तर स्वयंपाकीण बघेल. आणि या आश्रमातले केराचे डबे रोज सकाळी एकच बाई रिकामे करते." त्यांनी काठी उचलली. "तिला तुम्ही कडी घालून बसवलंत."

५

गौरवीच्या ऑफिसातला डबा काठोकाठ भरला होता. वर केकचा खोका, खाली क्रीमने बरबटलेल्या कागदी बशा, कोणीतरी थुंकलेल्या द्राक्षांच्या साली. मुंग्यांची रांग लागली होती. जयराम रुमाल शोधू लागला. चंद्रावतीबाईंनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

तळाशी, गोळा करून दाबलेला कागद होता. चार तुकडे. बाईंनी ते टेबलावर जोडले, गौरवीच्या समोर, तिच्या लॅपटॉपच्या शेजारी. ४२, शेजारी लाल २४. ४२, शेजारी लाल २४. आणि तिसऱ्या ओळीत एकटंच ४२. ते सुधारायला समीक्षाला सकाळ मिळालीच नव्हती.

"हे काय, आजी?" गौरवीने नाक मुरडलं. "हात धुऊन या आधी."

"वेळ आहे. तू तक्ता नवा लिहिलास तेव्हा हे ४२ बघितलं नाहीस?"

"मी काही लिहिलं नाही."

"बघितलंस, पण तुला ते आनंदीचं वाटलं नाही. ती कोणतीतरी दुसरीच नोंद वाटली असेल, कारण शेजारी लाल शाईत बरोबर आकडा होता. तो तू उतरवलास. आणि तिसऱ्या ओळीत अडाणी बाईची चूक तुझ्या डोक्याने बनवलीस. दोनचा आकडा दशकाच्या जागेवर असतो तोवर त्याची किंमत वीस. मध्ये शून्य घुसवलंस की तोच दोन दोनशेचा होतो. एका टिंबाएवढ्या गोलात तू एका बाईला तुरुंगात घालायला निघालीस."

"साहेब, या वयात माणसं काहीही कल्पना करतात," गौरवी जयरामला म्हणाली.

जयरामने वही काढली. "मॅडम, आश्रमाचा फोन नंबर लिहून द्या. मी सांगतो तसा. शेवटचे आकडे एकोणसाठ, चौऱ्याऐंशी."

गौरवीचं पेन कागदावर थांबलं. "एकोणसाठ म्हणजे... फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?"

तिने वर बघितलं, आणि आपण काय विचारलं ते तिच्या ध्यानात आलं.

"इंग्रजी शाळेत शिकणं हा गुन्हा आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण सकाळी तूच सांगितलंस, तिने वीस आधी ऐकलं आणि चार नंतर. चोवीस या शब्दात वीस आधी कुठे आहे? ते फक्त तुझ्या डोक्यात होतं."

गौरवीने ते तुकडे लॅपटॉपपासून दूर सारले. मग तिचा आवाज बदलला, चिरका झाला. "मला वरून सांगितलं होतं, फोटो चांगले आले पाहिजेत. ते नवीन इमारत बांधून देणार होते. सगळ्यांसाठीच ना? एक दिवस तीन तास उशीर झाला तर काय झालं? घरी तरी यांना कोण वेळेवर वाढत होतं? मुलांनी आणून टाकलेली माणसं ही!"

"पहाटे दार उघडलंस तेव्हा तो जिवंत होता का?" जयरामने विचारलं.

"नव्हता," ती म्हणाली. आणि लगेच, "मला वाटतं, नव्हता."

चंद्रावतीबाई बाहेर नळावर गेल्या. साबण तीनदा लावला.

६

दुपारी गौरवीला जीपमध्ये बसवून नेलं. चार वाजेपर्यंत विश्वस्त मंडळातले एक गृहस्थ फळांच्या पेट्या घेऊन हजर झाले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि एक छापील कागद फिरवला: येथील जेवण नेहमी वेळेवर व पोटभर मिळते, झाला प्रकार एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक हलगर्जीपणामुळे झाला. जानकीबाईंनी सही केली. पाठोपाठ तेरा जणांनी. कुणाला घर नव्हतं, कुणाला घरचे नको होते. जानकीबाई सफरचंद कापून खात होत्या आणि रस त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता. चंद्रावतीबाईंनी कागद न वाचता पुढे सरकवला.

आनंदीने आपली पिशवी भरली होती. समीक्षा तिला बसपर्यंत सोडायला निघाली. जाताना आनंदी बाईंच्या पाया पडायला वाकली, तशा बाई घाईने मागे सरकल्या. "नको, नको. माझ्या पाया पडू नको."

व्हरांड्यात जयराम जबाब लिहून घेत होता. त्याने बाईंचा जबाब वाचून दाखवला: आकड्यांची गोष्ट, बाटली, डबा. सगळं नीट होतं.

"सही करा बाई. घरी फोन लावू का, वास्कोला?"

"राहिलंय अजून. लिही." त्या सरळ बसल्या. "रात्री साडेआठच्या सुमारास मयत गोकुळदास जेवण मागत होते. ते माझ्या शेजारी होते."

"हे आनंदीच्या जबाबात आलंय, बाई."

"माझ्या जबाबात आलेलं नाही. लिही. त्यांच्या अंगाला वास येत होता. पाहुण्यांसाठी मला नवीन शाल दिलेली होती, ती खराब होईल म्हणून मी खुर्ची बाजूला ओढली. ते पुन्हा भात मागू लागले. तेव्हा मी म्हटलं, गप्प बसा हो जरा, लाज आणता. त्यानंतर ते बोलले नाहीत."

जयरामचं पेन थांबलं होतं. "बाई, याची गरज नाही. तुम्हाला इन्सुलिनचं काय माहीत होतं? याने केसमध्ये काही फरक पडत नाही."

"लिही म्हटलं ना."

तो लिहू लागला. पूर्ण झाल्यावर त्याने कागद त्यांच्याकडे वळवला. बाईंनी चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचली, शाळेत वह्या तपासत तशी. खालून दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे त्याने लिहिलं होतं, 'आम्ही सर्वांनी त्यांना गप्प राहण्यास सांगितले.'

"हे खोड," त्या म्हणाल्या. "सर्वांनी नाही. मी."

त्याने खोडलं. वर बारीक अक्षरात 'मी' लिहिलं. मग बाईंनी सही केली.